कमिटी जेवून गेली

महांतप्पा शेट गरिबी शिकवायला आला, तेव्हा इरम्मा ओसरीवर बसून बाजरी पाखडत होती. त्यानं चारचाकी दारात लावली, पांढऱ्या पायजम्याला धूळ लागू नये म्हणून दोन बोटांनी पायचा उचलून धरला आणि आत येऊन बाजेवर बसला. बसल्या बसल्या वीरभद्राच्या अंगावरचा सदरा न्याहाळू लागला.

"हा सदरा न्हाय चालायचा," तो म्हणाला. "लई नवा दिसलाय. फाटका हाय का एखादा?"

"हाय की," वीरभद्र लगेच म्हणाला. "फवारणीचा हाय."

"तोच घाला त्या दिवशी. आन पायात काय घालू नका."

इरम्मानं सूप खाली ठेवलं. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून तिला शिसारी आली. पोराच्या लग्नात फेट्याचा रंग पसंत पडला नाही म्हणून मांडवात रुसून बसलेला हा माणूस, साठीला आला, आणि फाटका सदरा घालायला सांगितला तर नवरदेवासारखा खुलला होता. कारण काय, तर त्या सदऱ्यात त्याचा फोटो निघणार होता आणि तो दिल्लीला जाणार होता.

भानगड अशी होती. सात समुद्रांपलीकडं एक देश आहे, तिथं पिवळा वाटाणा पिकतो. एकेका गड्याचं रान एवढं, की आपल्याकडची दोन गावं त्यात बसावीत. आपल्या सरकारनं दोन वर्षं त्या वाटाण्याला दार सताड उघडं ठेवलं. कर नाही, काही नाही. बोटी भरभरून वाटाणा आला, मिलीत भरडला गेला, तुरीच्या डाळीत मिसळला गेला, हरभऱ्याच्या पिठात मिसळला गेला. स्वस्त पडला म्हणून लोकांनी खाल्ला. इकडं मुरुम गावच्या बाजारात तुरीला कुणी कुत्रं विचारीना. आता कुठं सरकारला जाग आली होती. वाटाण्यावर जबर कर लावावा अशी फाईल निघाली. तर तो देश फुरंगटला. म्हणे, आमचा वाटाणा अडवाल तर आमी तुमची द्राक्षं अडवू, तांदूळ अडवू. मग दोन्हीकडच्या शहाण्यांनी मिळून ठरवलं की भांडण नको, आधी शेतकऱ्याचं खरंच नुकसान झालंय का ते बघून येऊ. नुकसान म्हणजे जशी काय दावणीला बांधलेली म्हैस, दाखवा म्हटलं की सोडून दाखवली! दिल्लीतल्या कुणीतरी नकाशावर बोट ठेवलं ते मुरुमवर पडलं, आणि दिनदर्शिकेवर ठेवलं ते मार्गशीर्षातल्या अमावस्येवर. त्या दिवशी इकडं येळवस असते, अख्खं गाव रानात जेवायला असतं, हे त्या बोटाला कुठून कळावं.

महांतप्पा शेट तूर बचाव समितीचा अध्यक्ष होता. त्याची मुरुमात डाळमिल होती, आणि त्या मिलच्या मागच्या दारानं बोटीवरची पोती उतरत होती, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पुढच्या दारी तो हार घालून वाटाण्याविरुद्ध उपोषणाला बसायचा. सकाळचा चहा-नाश्ता उरकून बसायचा आणि दुपारच्या जेवणाला उठायचा. कर लागला असता तर गोदामातल्या वाटाण्याचा भाव चढला असता, नाही लागला तर पुढचा वाटाणा स्वस्तात आला असता. तूप दोन्हीकडून त्याच्याच पोळीवर पडणार होतं. अशा माणसाला गावानं अध्यक्ष केलं होतं, आणि इरम्माला महांतप्पापेक्षा गावाचाच जास्त राग यायचा.

"आन इरम्माक्का," महांतप्पा तिच्याकडं वळला, "तेवढी बोरमाळ काढून ठिवा त्या दिवशी. आन यंदा येळवस दुसऱ्या दिवशी करा. कमिटीला भरल्या पंगती दिसल्या तर नुकसान कुठं दिसंल?"

"अमावस्या काय तुमच्या मिलची सुट्टी हाय व्हय, आज न्हाय तर उद्या?" इरम्मा म्हणाली.

"अगं, ते सांगलालेत ते आपल्याच भल्याचं..." वीरभद्र मधी पडला.

"तुमी गप बसा. सदरा हुडका."

एरवी तिनं महांतप्पाला सरळ रस्ता दाखवला असता. पण तिच्याही पायात दोरी अडकली होती. मुलगा मल्लेश. सडकेच्या कडेचं चार एकर काळं रान सोलर कंपनीला अठ्ठावीस वर्षांच्या करारावर द्यायचं त्याच्या डोक्यात बसलं होतं. कागद आणून त्यानं कपाटात ठेवले होते. "यंदा जर तुरीला भाव आला न्हाय, तर अप्पाची सही घेणार म्या," असं त्यानं आईला तोंडावर सांगितलं होतं. रान वीरभद्राच्या नावावर. इरम्मा लग्न होऊन आली तेव्हा त्या रानात हरळी माजलेली होती. तीन उन्हाळे कुदळीनं खणून तिनं ती मुळासकट काढली होती, आणि त्यात तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट कायमचं वाकडं झालं होतं. कर लागला की तूर चढणार, तूर चढली की कागद कपाटातच राहणार, एवढं गणित तिला कळत होतं.

म्हणून ती नमली. पूजा सकाळीच उरकायची, अकराच्या आत जेवणं आटपायची, पत्रावळ्या-भांडी कडब्याच्या कोपीत सारायची, आणि बाराला कमिटी येईल तेव्हा रानात फक्त फाटका सदरा उभा राहील, असं ठरलं. बोरमाळेचं मात्र तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

येळवसेच्या पहाटे इरम्मा आणि सून शिवप्रिया चुलीपुढं घामाघूम झाल्या होत्या. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या, आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली गाडगंभर आंबील. सगळ्यांत मोठं पातेलं भज्जीचं. ओली तूर, ओला हरभरा, वाल, पावटा, मेथी, पालक, चाकवत, गाजर, वांगी, बोरं, जे जे रानात आलं ते ते त्यात. त्याला चिंचेचं पाणी आणि वरून हरभऱ्याचं पीठ.

"अव्वा, पीठ संपलंय की," शिवप्रिया डबा उलटा करून म्हणाली. "शेटनं काल पुडे पाठवलेत, तेच टाकू का?"

महांतप्पानं समितीच्या घरोघर मिलच्या बेसनाचे दोन दोन पुडे पाठवले होते. वर सोनेरी अक्षरांत शंभर टक्के शुद्ध हरभरा असं छापलेलं, आणि खाली त्याचा हात जोडलेला फोटो.

"टाक," इरम्मा म्हणाली. "त्याचं मेल्याचं तेवढंच पुण्य."

रानात पोचेपर्यंत दहा वाजले. कोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडले, त्यांना चुना लावला, पूजा झाली. मल्लेशनं आंबिलीचं गाडगं घेतलं आणि ज्वारीच्या ताटांवरून लिंबाच्या डहाळीनं शिंपडत रानाला फेरी घातली. आजूबाजूच्या रानांतून हाळ्या उठत होत्या. तूर कंबरेच्या वर, शेंगांनी वाकलेली. शेजारची चार घरं जेवायला आली, त्यांची पाव्हणी आली, सडकेनं जाणारे दोन मोटारसायकलवाले ओढून आणले. येळवसेला रानावरून कुणाला उपाशी जाऊ द्यायचं नसतं. साडेअकरा झाले तरी पंगत उठेना. कुणालाच घाई नव्हती, कारण सरकारी गाडी सांगितल्या वेळेला आलेली उभ्या तालुक्यात कुणी बघितली नव्हती. बाराची कमिटी म्हणजे तीन वाजता येणार, असं धरूनच सगळे चालले होते.

पावणेबाराला सडकेवर तीन पांढऱ्या गाड्या थांबल्या.

"आयला! आलीच की!" वीरभद्र उठायला गेला. तोंडात खिरीचा घास, हात मनगटापर्यंत तुपात, अंगात फवारणीचा फाटका सदरा. पुढं पत्रावळीवर डोंगर वाढलेला.

गाडीतून आधी महांतप्पा उतरला. त्याचा चेहरा बघून इरम्माला त्या गडबडीतही हसू आलं. मग दिल्लीचा साहेब उतरला. तो उतरल्यापासून आपल्या बुटांकडंच बघत होता. मग पुण्याची दुभाषी पोरगी, तालुक्याचे दोघं-तिघं कृषीवाले, आणि सगळ्यांत शेवटी त्या वाटाण्याच्या देशाचा गोरा. साठीचा, टोपीवाला, मान उन्हानं लालबुंद झालेली.

वीरभद्रानं तूप सदऱ्याला पुसलं आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "साहेब, आमी मेलो. वाटाण्यानं आमाला मारलं. घरात दाणा न्हाय, प्वाटाला भाकर न्हाय..." त्याच्यामागं वीस माणसं भुरका मारून आंबील पीत होती. दुभाषी पोरगीनं खालचा ओठ दातात धरून ते इंग्रजीत सांगितलं.

गोऱ्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो सरळ तुरीत शिरला. एक शेंग तोडली, तळहातावर चोळली, दाणा तोंडात टाकून चावला. मग दुसऱ्या झाडाची फांदी वाकवून शेंगा मोजू लागला. इरम्मा त्याचे हात बघत होती. नखांच्या कडा काळ्या, अंगठ्याला भेग. हा खुर्चीवरचा नाही, हा मातीतला गडी आहे, हे तिनं ओळखलं. बाकीच्यांना फसवता आलं असतं.

"साहेब म्हणतात, असं पीक मी बघितलं नाही," दुभाषी म्हणाली. "एकरी किती निघतं विचारतात."

महांतप्पानं वीरभद्राकडून उत्तर दहा वेळा घोटून घेतलं होतं. तीन क्विंटल. रोग पडला, पाणी नव्हतं, तीन क्विंटल. पण पीक चांगलं आहे असं परक्या शेतकऱ्यानं म्हटल्यावर वीरभद्राची छाती फाटक्या सदऱ्यातून बाहेर आली.

"आठ!" तो म्हणाला. "एकरी आठ क्विंटल! उभ्या तालुक्यात दाखवा म्हणावं कुणाची असली तूर!"

कृषी सहायकानं ते लिहून घेतलं. महांतप्पानं कपाळावर हात मारला, आणि लगेच तो हात केसांवरून फिरवला.

गोरा कोपीपाशी परत आला. पातेल्यातून वाफ येत होती. त्यानं नाक वर केलं, वास घेतला आणि इरम्माकडं बघून हसला. बस, तेवढंच. पंगत सावरायची, भांडी झाकायची, करार, सोलर, कर, सगळं इरम्माच्या डोक्यातून पार गेलं. दारात आलेला माणूस वास घेतोय आणि आपण पातेल्यावर झाकण ठेवायचं? तेही येळवसेला?

"बसा म्हणावं," ती दुभाषीला म्हणाली. "समद्यांनी बसा. शिवप्रिया, पानं मांड."

"अक्का!" महांतप्पा दातओठ खात पुटपुटला.

"तुमी बी बसा. तुमाला काय निराळं आमंत्रण देऊ?"

बसले सगळे. दिल्लीच्या साहेबानं रुमाल अंथरून त्यावर बूड टेकलं. गोरा मांडी घालायला गेला, घालता आली नाही, तेव्हा पाय लांब सोडून बसला. त्याला दोन वेळा भज्जी वाढली, त्यानं तिसऱ्यांदा पान पुढं केलं. इरम्मा वाढताना बोटांवर मोजून सांगत होती, ही तूर, हा वाल, हा पावटा, हे समदं ह्याच मातीतलं, बाहेरचं मीठ तेवढं. दुभाषी सांगत होती, गोरा मान हलवत होता.

मग तो थांबला. भज्जीचा घट्ट भाग त्यानं दोन बोटांत घेतला, चोळला, नाकाशी नेला, जिभेवर ठेवला. पुन्हा घेतला. आणि एकदम मोठ्यानं हसून काहीतरी बोलला. दुभाषीचा चेहरा उतरला.

"काय म्हनतोय?" इरम्मानं विचारलं.

"आजी... ते म्हणतात, ह्याच्यात वाटाण्याचं पीठ आहे. आमचा वाटाणा. चाळीस वर्षं पिकवतोय म्हणतात, कुठंही ओळखेन."

 शिवप्रियानं कोपीतून, उंड्यांच्या पाटीत आलेला रिकामा पुडा आणला. दिल्लीच्या साहेबानं सोनेरी अक्षरं वाचली, फोटो बघितला, मग समोर मान खाली घालून उंडा मोडणाऱ्या महांतप्पाकडं बघितलं. इरम्माला वाटलं, आता ह्याचं बिंग फुटलं. आता साहेब विचारील, हे काय आहे म्हणून. भर पंगतीत ह्याची चामडी सोलली जाईल.

साहेबानं पुडा घडी घालून आपल्या बॅगेत ठेवला आणि दुभाषीला म्हणाला, "लिहा. स्थानिक कुटुंबांनी हा माल स्वीकारला आहे."

"स्वीकारला?" इरम्माचा आवाज चढला. "अवो, आमाला हरभरा म्हनून दिला ह्यानी! ही बनवाबनवी लिवा की!"

"ताई, तो विषय वेगळ्या खात्याचा आहे," साहेब म्हणाला आणि खिरीला वाटी पुढं केली.

तिनं वाढली. हातातली पळी त्याच्या टकलावर घालावी असं वाटत असताना वाढली. वर तूपही घातलं.

जाताना गोऱ्यानं तिच्यापुढं टोपी काढली. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती, हे इरम्माला सगळ्यांत जास्त लागलं. त्याला खरंच वाटत होतं की त्याच्या वाटाण्यानं ह्या बाईचं पातेलं भरलं.

संक्रांतीच्या आठवड्यात पेपरात आलं. शेतकऱ्यांचं नुकसान सिद्ध होत नाही. पीक भरघोस, कुटुंबं सुस्थितीत, आयात माल घरच्या सणालासुद्धा वापरात. कराची फाईल मिटली. त्या देशानं आपली द्राक्षं घ्यायचं कबूल केलं, दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी हातात हात घेतले, संबंध दृढ झाले म्हणे. खाली इरम्माचा फोटो होता. हिरवं इरकल, गळ्यात बोरमाळ, हातात पळी. समाधानी महिला शेतकरी.

गावानं महांतप्पाला काही म्हटलं नाही. मुरुमात दोन्ही देशांचे संबंध जपल्याबद्दल त्याचा सत्कार झाला, तिथं वीरभद्र स्वतः फेटा बांधून गेला. सगळं खापर फुटलं ते इरम्मावर. पाण्याला गेली की बाया म्हणायच्या, "आली बघा भज्जीवाली." बांधावरचा शेजारी, जो त्या दिवशी चार उंडे आणि वर सात पोळ्या खाऊन गेला होता, तो म्हणाला, "वैनी, एक दिस हात आवरला असता तर तूर चढली असती."

"तुमचा हात आवरला हुता का त्या दिवशी?" इरम्मा म्हणाली. तो दात काढून हसला.

घरात वीरभद्रही तेच म्हणू लागला. "म्या बराबर बोललालो हुतो. हिनंच जेवाय घातलं."

"आठ क्विंटल कुणी सांगितलं? माझ्या बापानं?"

"खोटं बोलू व्हय मग? माझ्या तुरीला तीन म्हनू?"

ह्याच्याशी काय बोलावं! प्वाटाला भाकर नाही म्हणताना खोटं चाललं, तूर कमी सांगताना जीभ अडली. इरम्मानं त्याच्याशी बोलणंच सोडलं. तूर निघाली, खरंच एकरी आठ निघाली. बाजारात तिच्याकडं आडत्यानं वळूनही बघितलं नाही. मल्लेशनं कपाटातून कागद काढले. वीरभद्रानं सही केली, लफ्फेदार, खाली दोन टिंबं देऊन. इरम्माला कुणी विचारलं नाही. ती चुलीपुढं होती, तिला पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला.

महिन्याभरानं कंपनीची माणसं मोजणीला आली. इरम्मा रानात तुराट्या गोळा करत होती. तिघं होते, तिकाटणं, फीत आणि लाल झेंड्या घेऊन आलेले. त्यांनी बांधापासून बांधापर्यंत फीत ओढली. हरळी काढून काढून लोण्यासारख्या मऊ केलेल्या मातीत एकेक खुंटी ठोकली. खुंटी दोन घावांतच आत जायची.

"माती लई भारी हाय की," एकजण म्हणाला.

दुपार झाली. ऊन पाठीत शिरलं. तिघं बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसले. त्यांच्याजवळ पाण्याची एक बाटली होती, ती रिकामी झाली होती. सडकेवर हॉटेल नाही, मुरुम दोन कोस. त्यातला एक तर पार कोवळा होता, ओठ सुकलेले.

इरम्मानं फडकं सोडलं. तीन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि गाडग्यात ताक. रानात भाकरी सोडली की नजरेला पडेल त्याला या म्हणायचं, असं ती सासूकडून शिकली होती. चाळीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. गुराख्याला म्हटलं होतं, तलाठ्याला म्हटलं होतं, एकदा तर चोरून हरभरा उपटणाऱ्या बाईलासुद्धा म्हटलं होतं.

तिघांनी तिच्याकडं बघितलं. कोवळा जरासा उठल्यासारखा झाला, आता हाक येईल म्हणून.

"आजी, कसली भाजी?" त्यानं लाजत विचारलं.

 इरम्मा त्यांच्याकडं तोंड करूनच बसली, पाठ फिरवली नाही. भाकरी मोडली आणि खाऊ लागली. पहिली संपवली, दुसरी संपवली. तिसरी भाकरी तिला कधीच लागत नसे, ती नेहमी दुसऱ्यासाठी असायची. तीही तिनं मोडली. ताक पीत पीत ती संपवली. गाडगं तळाशी येईपर्यंत प्यायली, उरलेलं खुंटीशेजारच्या मातीवर ओतलं, तोंड पुसलं आणि पुन्हा तुराट्या उचलायला उठली.